मामा, तेवढा फोटो बदलत राहा

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पत्र लिहितेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतला. आईने तो बंद केला, पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे न बघता चेन ओढली. पत्रांना मात्र परवानगी आहे. पाकीट चिकटवून सिस्टरकडे दिलं की त्या पोस्टात टाकतात, उघडून बघत नाहीत. मी दोन मुलींना विचारून खात्री करून घेतलीये.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही सातजणी. अख्ख्या मजल्यावर आरसा नाही. बाथरूममध्ये जिथे आरसा होता तिथे भिंतीला चार भोकं राहिलीयेत. दारांना आतून कडी नाही. वजनाच्या काट्यावर पाठमोरं उभं करतात, म्हणजे आकडा दिसायला नको. जेवण झालं की अर्धा तास खुर्चीवरून हलायचं नाही. सिस्टर समोर लोकर घेऊन विणत बसतात, पण नजर सुयांवर नसते, आमच्या हातांवर असते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमीत कमी दोन महिने. मामा, दोन महिने! मी वर्गात आणि खात्यावर सगळ्यांना सांगून आलेय की एका फोटोशूटसाठी बाहेरगावी चाललेय. आता माझ्याकडून काहीच आलं नाही, तर पहिल्या आठवड्यात विचारतील, दुसऱ्यात हसतील आणि तिसऱ्यात कुणाला तरी खरं कळेल. मग मी त्या वर्गात परत पाऊल कसं ठेवू? मी खरंच सांगतेय, नाही ठेवू शकणार.

म्हणून तुला एकच काम सांगतेय. माझं खातं तू चालू ठेव. सगळे फोटो तुझ्या संगणकात आहेतच, दीड वर्ष तूच ते नीट करून देतोयस. दर चार दिवसांनी प्रोफाइलचा फोटो बदल. आधी हिरव्या स्वेटरमधला लाव, तुझ्या स्टुडिओच्या दारात उभी आहे तो. खाली काही लिहू नकोस, तू लिहिलंस तर लगेच कळेल की कुणीतरी म्हातारं माणूस आहे. कुणी छान म्हटलं तर नुसतं बदाम टाक. पासवर्ड आतल्या चिठ्ठीवर आहे, वाचून फाड.

आईला सांगू नकोस. तुला नाही म्हणायचं असेल तर उत्तरच पाठवू नकोस, मी समजेन. पण नाही म्हणू नकोस.

तुझी भाची

८ फेब्रुवारी

प्रिय गबदुल,

तुझं अक्षर बघून तुझ्या शाळेच्या फीचं काय झालं असा प्रश्न पडला, पण ते असो. काम फत्ते. हिरवा स्वेटर लावला. तासाभरात दोनशेच्या वर बदाम आले. मी गेली अठ्ठावीस वर्षं लोकांचे फोटो काढतोय, एवढं कौतुक माझ्या नशिबी कधी आलं नाही. लोक आपला पासपोर्ट फोटो बघून म्हणतात, "हा मी?" आणि त्यात माझीच चूक असल्यासारखं बघतात.

एकूण काय, वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी सोळा वर्षांची मुलगी झालोय. एका मुलीने विचारलं, तू त्वचेला काय लावतेस? मी तीन मिनिटं विचार केला आणि बदाम टाकला. खरं उत्तर म्हणजे मामाच्या संगणकातला ब्रश. ते दिलं असतं तर म्हणाली असती, हा ब्रश कुठे मिळतो?

इकडचं म्हणशील तर नेहमीचंच. आज सकाळी एक बाळ आलं होतं. ते कॅमेरा सोडून जगातल्या प्रत्येक वस्तूकडे बघतं. शेवटी मी डोक्यावर छत्री घेऊन नाचलो तेव्हा हसलं, पण अर्जावर हसरा फोटो चालत नाही म्हणे.

ताईचा काल फोन आला होता. तिने दवाखान्यामागच्या गल्लीत खोली घेतलीये, तिथून तुमच्या मजल्याच्या खिडक्या दिसतात म्हणाली. मी तुझ्या पत्राचं काही बोललो नाही. तू बरी हो. खा जराशी. मामाच्या वाट्याचं नको, स्वतःच्या वाट्याचं खा.

अनेक आशीर्वाद,
मामा

१३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मला गबदुल म्हणू नकोस. लहानपणापासून तू म्हणतोस, सगळे हसतात, मीही हसते. आता नको.

फोटो लावलास, खूप खूप बरं वाटलं. दोनशेच्या वर म्हणजे नक्की किती? नावं लिहून पाठवशील? माझ्या मागच्या बाकावरची आहे का त्यात?

काल डॉक्टरीणबाईंनी भिंतीला मोठा कागद लावला आणि खडू देऊन म्हणाल्या, तुझ्या अंगाची बाह्यरेषा काढ, तुला वाटते तशी. मी काढली. मग मला कागदाला पाठ लावून उभं केलं आणि सिस्टरनी माझ्याभोवती खरी रेष ओढली. मी बाजूला झाले. मी काढलेल्या रेषेत माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय दिसतं?" मी म्हटलं, "सिस्टरनी खडू आत दाबून धरला होता." मला खरंच तसं वाटतंय, मामा. खोटं नाही बोलत.

वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालणार आहेत. शेजारच्या पलंगावरच्या मुलीला घातलीये. तिचे हात त्या वेळी दोघींनी धरले होते. मला इथून काढ ना. आई ऐकत नाही. ती रविवारी येते, एक तास माझा हात हातात घेऊन बसते आणि मला तिची बोटं माझ्या हाडांवरून फिरताना कळतात, ती मोजते.

माझं म्हणावं असं आता एकच उरलंय, ते खातं. तिथली मी अजून चांगली आहे. म्हणून सांगते, पुढचा फोटो लाल ड्रेसमधला लाव, पण दंड अजून थोडे बारीक कर. आणि एक, खासगी निरोप उघडू नकोस. माझी शपथ आहे तुला.

तुझी भाची

१७ फेब्रुवारी

प्रिय भाची,

तुझी शपथ मी मोडली. आधी तेच सांगून टाकतो.

आज सकाळी तुझं पत्र आलं. दुपारी दुकान बंद करून लाल ड्रेसचा फोटो लावायला बसलो होतो. खासगी निरोपांच्या जागी एकच नाव परत परत वर येत होतं. 'हलकं पीस'. त्रेचाळीस निरोप, दहा दिवसांत. मला वाटलं, कुणी पोरगा त्रास देतोय. उघडलं.

ती तेरा वर्षांची आहे. तुला ताई म्हणते. काही निरोप इथे उतरवतो, कारण तू विसरली असशील तर आठवावेत.

"ताई तुझा नवीन फोटो बघितला, मी तसाच लावून ठेवलाय, भूक लागली की बघते."

"ताई तू बोलत का नाहीस, मी काही चुकले का?"

"ताई आज चौथा दिवस. तू सांगितलेलं सगळं करतेय."

तू काय सांगितलंयस तेही मी वर जाऊन वाचलं. ते मी इथे लिहिणार नाही. माझा हात धजत नाही.

तिने स्वतःचे फोटो पाठवलेत. शाळेचा स्वेटर तोंडावर ओढून घेतलाय, चेहरा दिसत नाही. मी आधी स्वतःची समजूत घातली की तिनेही कुणाकडून तरी फोटो नीट करून घेतले असतील. मग फोटो मोठे करून बघितले. माझा धंदाच हा. तुझ्या हिरव्या स्वेटरच्या फोटोत मी कंबर आत ओढली तेव्हा मागच्या दाराची चौकटही आत वाकली होती. ती सरळ करायला मला पाऊण तास लागला होता. या मुलीच्याही मागे दार आहे. चौकट कुठेही वाकलेली नाही, की कुणी सरळ केल्याची खूण नाही. त्या फोटोंना कुणाचाही हात लागलेला नाही. ती खरोखरच तशी झालीये. तू अशी कधीच नव्हतीस, कारण तशी तुला मी संगणकावर केली होती.

मला राहवलं नाही. तुझ्या नावाने लिहिलं, "बाळा, आधी पोटभर जेव. बाकीचं सगळं विसर." मिनिटाभरात उत्तर आलं: "तू माझी परीक्षा घेतेयस ना ताई? मी नापास नाही होणार."

कोण आहे ही? कुठे राहते? तिची आई कोण? मला लगेच कळव.

मामा

२० फेब्रुवारी

मामा,

शपथ घालूनही वाचलंस. आता आणखी काय करायचं राहिलंय? मी तुझ्याशिवाय कुणालाच पासवर्ड दिला नव्हता.

ती कोण आहे मला माहीत नाही. अशा खूपजणी असतात. त्या येतात, ताई ताई करतात, महिनाभराने दुसरीकडे जातात. ती काही मरत नाहीये. मोठ्या माणसांना सगळ्याचंच नाटक वाटतं किंवा सगळ्याचंच संकट. मधलं काही दिसतच नाही तुम्हाला.

आणि तू कोण मला बोलणारा? मी स्टुडिओत यायचे तेव्हा कधी विचारलंस का, की बाई गं, कशाला? उलट म्हणायचास, "थांब, मानही जरा लांब करतो, बघ कशी हरणासारखी दिसतेस." मी घरी जाऊन तो फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला लावायचे. तो मला रोज सांगायचा, अजून नाही, अजून नाही, अजून नाही. मी त्या फोटोसारखी व्हायच्या मागे लागले म्हणून इथे येऊन पडलेय. तेव्हा तिला वाचवायला निघण्याआधी जरा आरशात बघ. तुझ्याकडे आरसा आहे.

काल नळी घातली. माझेही हात दोघींनी धरले.

खातं बंद करू नकोस.

२३ फेब्रुवारी (कुरिअरने)

बाळ,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. एकही शब्द परत घेऊ नकोस.

तुझे गाल मी पहिल्यांदा आत घेतले तो दिवस मला आठवतो. तू चौदा वर्षांची होतीस आणि फोटो बघून माझ्या गळ्यात पडलीस. तू आधी कधी तशी गळ्यात पडली नव्हतीस. मला मूलबाळ नाही. मला वाटलं, हे तर किती सोपं आहे, दहा मिनिटांचं काम आणि पोर एवढी खूश. मग तू दर आठवड्याला यायला लागलीस आणि मी वाट बघायला लागलो. तू बारीक होत गेलीस तेव्हा मी मनात म्हटलं, चला, काम कमी झालं. हे वाक्य मला आता झोपू देत नाही.

पण ते सगळं नंतर. तुझी शिक्षा तू मला सावकाश दे. आज तेवढा वेळ नाही. परवापासून 'हलकं पीस'कडून एकही निरोप नाही. शेवटचा असा आहे: "ताई, जिना चढताना मधेच सगळं पांढरं झालं, भिंत धरून बसले. हे चांगलं लक्षण आहे ना?"

मी तिला तुझ्या नावाने लिहिलं, मग स्वतःच्या नावाने लिहिलं, माझा फोन नंबर दिला. तिने बघितलेलंच नाही. मी इथल्या दोन शाळांत जाऊन आलो. तोंडावर स्वेटर ओढलेल्या मुलीचा फोटो दाखवून मी काय विचारणार? एका शिपायाने मला गेटबाहेर काढलं आणि योग्यच केलं.

तू विचारशील, मी ताईला का सांगितलं नाही? तुमच्या डॉक्टरीणबाईंना फोन का केला नाही? रोज फोन उचलतो आणि ठेवतो. त्यांना सांगायचं म्हणजे ते फोटो कुणी बनवले तेही सांगावं लागेल. ताईने तुला माझ्या भरवशावर सोडलं होतं. म्हणजे बघ, बावन्न वर्षांचा बाप्या आपलं तोंड लपवण्यासाठी सोळा वर्षांच्या, नळी घातलेल्या पोरीला पत्रं लिहून विचारतोय.

तुला तिचं नाव माहीत आहे. तिच्या जुन्या निरोपांत तुझा प्रश्न आहे, "शाळा कुठली?" आणि तिचं उत्तर तू पुसून टाकलंयस. मी पाया पडतो तुझ्या. सांग.

मामा

२५ फेब्रुवारी

मामा,

कुरिअर आज सकाळी मिळालं.

शाळेचं नाव आणि वर्ग मला माहीत होता. मी पुसला, कारण कुणी माझा फोन बघितलाच तर तिच्यापर्यंत पोचू नये. म्हणजे मला तेव्हाही कळत होतं की आपण करतोय ते काय आहे. हे मी आतापर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिने मला पहिल्यांदा ताई म्हटलं तेव्हा ना मामा, मला इतकं छान वाटलं. मी एकुलती एक. वर्गात मला कुणी काही विचारत नाही. ती सगळं विचारायची, आणि मी सांगितलं की लगेच करायची. मला वाटायचं, एक तरी माणूस आहे ज्याच्यापुढे मी जिंकलेय. ती माझ्यापेक्षा पुढे चाललीये हे कळल्यावर मी तिच्यावर चिडलेसुद्धा होते.

तुला लिहून पत्र पोचायला तीन दिवस लागले असते, म्हणून मी आधी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. नळीची पिशवी हातात धरून गेले. शाळा सांगितली, वर्ग सांगितला, मी तिला काय काय सांगितलं होतं तेही सांगितलं. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही, आधी फोन उचलला. मग आईला बोलावलं. आज बुधवार असूनही आई वर आली. मी तुझंही सांगितलं, फोटोंचं, पासवर्डचं, सगळं. मला माफ कर. तुझं नाव वगळून ते सांगताच येत नव्हतं.

शाळेतून काय कळलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. कुणी माझ्या डोळ्यांना डोळा देत नाही. मी आज ताटातलं काही खाऊ शकले नाही. हट्टाने नाही, मामा. घास वर उचलला की तिचा निरोप आठवत होता.

तुझी भाची

२८ फेब्रुवारी

भाऊ म्हणून प्रिय लिहिणार होते, पण हाताने ऐकलं नाही.

फोनवर मी ओरडेन, आणि या खोलीच्या भिंती पातळ आहेत, म्हणून लिहितेय. शाळेतून कळलं ते असं. ती मुलगी चोवीस तारखेला, मधल्या सुट्टीनंतर, शाळेच्या जिन्यावर पडली. आठ पायऱ्या. डोक्याला सात टाके आहेत, पण डॉक्टरांना चिंता डोक्याची नाही, हृदयाची आहे. तेरा वर्षांच्या मुलीचं हृदय म्हाताऱ्या माणसासारखं अडखळतंय. अतिदक्षता विभागात आहे. तिचे वडील बस चालवतात, आई नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलगी स्वयंपाक करून त्यांना वाढायची आणि म्हणायची, मी आधीच जेवले. हे मला त्यांनी फोनवर सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

तू सतरा तारखेला ते निरोप वाचलेस. त्याच दुपारी मला फोन केला असतास, तर डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीकडून तासाभरात शाळा काढून घेतली असती. त्या पडण्याला सात दिवस बाकी होते. तू पत्र लिहिलंस. पोस्टाने.

मला तुझ्या फोटोंचा राग नाही असं नाही. पण ते मी समजू शकते. तिला हसताना बघायला मीही काय काय केलं असतं कोण जाणे. मीच तिला दर वाढदिवसाला म्हणायचे, हा रंग नको, यात तू जाड दिसतेस. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, तिच्यासमोर. पण सात दिवस तू फोनकडे बघत बसलास, हे मला समजत नाही. लहानपणी फुलदाणी फोडलीस की तू पलंगाखाली जाऊन बसायचास आणि मी जाऊन आईला सांगायचे. आता मी किती वेळा सांगायचं?

त्या वडिलांना जाऊन भेट. पलंगाखाली बसू नकोस.

ताई

८ मार्च

प्रिय बाळ,

ताईचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या हॉस्पिटलमध्ये गेलो. अतिदक्षता विभागाबाहेर लोखंडी बाकावर ते बसले होते, अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट, खिशाला बिल्ला. सुट्टी मिळाली की तसेच येतात म्हणे. मी माझं नाव सांगितलं, धंदा सांगितला आणि सगळं सांगितलं. पाठ करून गेलो होतो, पण सांगताना क्रम चुकला.

त्यांनी मला मारलं नाही. मला वाटलं होतं मारतील, आणि खरं सांगू, मी त्याची वाट बघत होतो. ते हातातल्या टोपीची शिवण बघत बसले. मग म्हणाले, "तुमच्या भाचीचा फोटो माझ्या मुलीने मला दाखवला होता. म्हणाली, पप्पा, ही माझी ताई. मी म्हटलं, वा, छान आहे." पुढे म्हणाले, "मी रोज चारशे माणसं बसमध्ये चढताना बघतो. कोण दमलंय, कोण प्यायलंय, लगेच ओळखतो. घरचं एक माणूस बघायचं राहिलं."

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी ऊठ म्हटलं नाही. आता रोज दुकान बंद करून जातो. ते ड्यूटीवर असतात तेव्हा बाकावर मी असतो, डॉक्टर काही म्हणाले तर लिहून ठेवतो. एवढंच. याने काही फिटत नाही हे मला कळतं.

काल पहिल्यांदा तिने डोळे उघडून पाणी मागितलं. हृदय थोडं ताळ्यावर आलंय. पुढचे उपचार तुमच्याच वॉर्डात करतील, अशा मुलींसाठी जवळपास दुसरा वॉर्ड नाही. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारूनच होकार दिला असं ताईने सांगितलं. तू हो म्हणालीस. तुझ्या जागी मी असतो तर पळालो असतो.

खातं मी उघडलेलं नाही आणि बंदही केलेलं नाही. ते तुझं आहे, तू सांगशील तसं करीन. दुकानात मी पाटी लावलीये, फोटो जसा असेल तसा मिळेल. दोन गिऱ्हाइकं परत गेली. तिसऱ्या बाईने विचारलं, "कोणी वारलं का हो तुमच्याकडे?"

मामा

१९ मार्च

प्रिय मामा,

ती आली. चौदा तारखेला दुपारी. चाकांच्या खुर्चीवर आणलं, वडील मागून ढकलत होते. तिचे केस एका बाजूला भादरलेत, टाक्यांसाठी. मांडीवर चादर होती आणि चादरीखाली काही आहे असं वाटतच नव्हतं. मी दारातच उभी होते. सिस्टरनी माझ्या दंडाला धरून ठेवलं होतं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. मामा, तिने मला ओळखलंच नाही.

मला वाटलं दमली असेल. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर ती माझ्या समोरच बसली. तिने मला विचारलं, "तू किती दिवसांपासून आहेस?" मी म्हटलं, दीड महिना. तिने माझ्या नळीकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "माझी एक ताई आहे. ती अशी नाही, तिला कधी दवाखान्यात जावं लागलं नाही. ती फोटोशूटला गेलीये. मला फोन परत मिळाला की पहिला निरोप तिला पाठवणार. ती रागावली असेल, मी जिन्यावर पडले ना." माझ्याशी बोलताना तिला माझी कीव येत होती.

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, घाई करू नकोस, मी असतानाच सांग. मी तीन दिवस थांबले. त्या तीन दिवसांत ती प्रत्येक घासाला खिडकीकडे बघायची आणि ओठ हलवायची. मला ते ओठ वाचता येत होते. ती माझीच वाक्यं होती, मी तिला लिहिलेली, शब्दन् शब्द.

काल सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, दोघी समोरासमोर. मी म्हटलं, "ती मीच आहे." ती हसली. म्हणाली, "खोटं. ती किती सुंदर आहे." मी म्हटलं, "ते फोटो माझ्या मामाने संगणकावर केलेत." तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, म्हणजे ही वेडी आहे ना, असं. मग माझ्याकडे दुसरा उपायच राहिला नाही. मी तिला आमचे निरोप म्हणून दाखवले. पहिल्या दिवशी तिने काय विचारलं, मी काय सांगितलं. तिच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ती जेवली म्हणून मी तिला काय म्हणाले होते तेसुद्धा. ते तिच्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तुलाही नाही, ते मी केव्हाच पुसलं होतं. सगळं म्हटलं. तिचं हसू हळूहळू बंद झालं.

ती रडेल असं वाटलं होतं. अंगावर येईल असं वाटलं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. खुर्चीतून उठली, भिंत धरत धरत माझ्याजवळ आली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघायला लागली. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. तिची बोटं गार होती. इतक्या जवळून मला कुणी कधी बघितलं नव्हतं, आईनेही नाही. मला तोंड फिरवावंसं वाटत होतं आणि मी फिरवलं नाही.

मग तिने विचारलं, "म्हणजे अशी मुलगी कुठेच नाहीये?"

मी म्हटलं, नाही.

"मग मी कोणासारखी होत होते?"

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि आम्हाला दोघींना टेबलाशी नेऊन बसवलं. ती ताटाकडे बघत बसली होती आणि मी तिच्याकडे. तिने चमचा उचलला नाही. मीही नाही. शेवटी सिस्टरनी विणकाम खाली ठेवलं आणि आमच्या दोघींच्या मधे खुर्ची ओढून बसल्या, नुसत्याच.

खातं बंद कर, मामा. आजच. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तुला येत असेल तर लिहून पाठव. ती आज परत विचारत होती.

तुझी भाची